तांबड्या विहिरीवरचा तवंग

एकदा एका तांबड्या मातीच्या गावात विहिरीच्या पाण्यावर तवंग आला. सकाळी पहिली घागर सुटण्याआधी पाणी स्थिर असे, तेव्हा तो स्पष्ट दिसे. निळसर, जांभळट, मोराच्या मानेसारखा. पाण्याची चवही बदलली होती. भात शिजवला की तो पिवळट दिसे आणि धुतलेल्या धोतरांवर तांबूस डाग राहत.

गावात तेलाचा घाणा एकच होता. येसूबाई नावाची एक विधवा आपल्या म्हाताऱ्या बैलाला घेऊन तो चालवत असे. त्यामुळे तवंग कशाचा आहे, हे शोधण्याची गरज कोणाला वाटलीच नाही.

पहिल्यांदा बोलला तो गावातला व्यापारी. विहिरीत डोकावून तो म्हणाला की आपण तेलात जन्म काढला आहे, आपल्याला कोणी तेल ओळखायला शिकवू नये. त्याच्या दुकानात नुकतेच शहरातल्या तेलाचे डबे आले होते. तो मुद्दाम खोटे बोलत होता असेही नाही. त्याला जे दिसायला हवे होते, ते त्याला पाण्यावर दिसले. बाकीच्यांनी त्याच्या डोळ्यांनी पाहिले.

त्या विहिरीचा काठ जांभ्याचा होता. जांभा मऊ दगड. पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून त्यात प्रत्येक घराची आपली एक खाच पडली होती, आणि दुसऱ्याच्या खाचेतून पाणी ओढायचे नाही अशी रीत होती. नवी सून घरात आली की सासू तिला आधी देवघर दाखवी आणि मग विहिरीवरची खाच. गावाने बैठक घेतली आणि येसूबाईची खाच चुन्याने बुजवून टाकली. तिला कोणी मारले नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्या दोराला जागा उरली नाही.

येसूबाई ओढ्यावर जाऊ लागली. ओढा आटलेला होता. वाळूत खड्डा करून ती करवंटीने घागर भरत बसे. पहिली घागर बैलापुढे ठेवी आणि उरलेल्यात आपले भागवी. बैल बसला तर घाणा बसणार, आणि घाणा बसला तर तिला गाव सोडावे लागणार, हे तिला ठाऊक होते आणि गावालाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक वृद्ध गुरुजी राहत. ते बरेच दिवस तापाने अंथरुणावर होते. ताप उतरला तेव्हा त्यांच्या तरुण शिष्याने त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्याचा स्वर संतापाचा होता. सगळ्या गावाच्या पाण्यात तेल जाऊ देणारी बाई किती निर्दय असली पाहिजे, असे तो म्हणाला. खाच बुजवायचा चुना आपणच मळून दिला, हेही त्याने सांगितले. त्याला त्यात अभिमान वाटत होता.

गुरुजी पेज पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"तवंगाला हात लावून पाहिलास?"

"नाही, गुरुजी."

"वास घेतलास?"

"सगळ्यांनाच दिसत होतं."

"बरं. खाच बुजवल्यावर तवंग गेला?"

शिष्य म्हणाला की तवंग गेला नाही, उलट वाढला. म्हणजे आता ती सूड म्हणून लपून तेल ओतत असणार. म्हणूनच उद्या सकाळी गावकरी विहिरीवर जमणार आहेत आणि तिथून घाणा मोडायला जाणार आहेत.

गुरुजींचा चेहरा बदलला. शिष्याने त्यांना इतके रागावलेले कधी पाहिले नव्हते. पण ते एवढेच म्हणाले, "उद्या मी येईपर्यंत पाण्यात घागर सोडू देऊ नकोस. आणि येसूबाईला सांग, वाटीभर तेल घेऊन विहिरीवर ये म्हणावं."

शिष्याला हे विचित्र वाटले. जिच्यावर तेलाचा आळ आहे, तिनेच तेल घेऊन तिथे यायचे? पण त्याने निरोप पोचवला.

सकाळी विहिरीवर गर्दी झाली. घाण्याची लाट, म्हणजे बैल ओढतो ती तुळई, उपटायची म्हणून पुरुषांनी हातात काठ्या आणल्या होत्या. येसूबाई वाटी घेऊन आली तेव्हा कोणीतरी म्हणाले, "बघा, आज तर उजेडात आली." दोघे-तिघे हसले. तिने वाटी पदराखाली धरली होती.

गुरुजी शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश आले. कोणाशी न बोलता त्यांनी व्यापाऱ्यापुढे हात पसरला. तो गोंधळला, मग त्याने आपली काठी दिली. विहिरीला एका बाजूने गाळ उपसायला उतरण्यापुरत्या पायऱ्या होत्या; त्यांवरून पाणी भरायची रीत नव्हती. गुरुजी त्या उतरले, पाण्याशी बसले, आणि काठीचे टोक तवंगावर टेकवले.

तवंग फुटला. पातळ काच तडकावी तसे त्याचे तुकडे झाले, प्रत्येकाला कोपरे होते, कडा होत्या. तुकडे एकमेकांपासून दूर सरकले आणि तसेच राहिले. मधले पाणी उघडे पडले.

मग गुरुजींनी त्याच विहिरीचे पाणी एका परातीत घेतले, वर आले आणि येसूबाईला त्यात तेल सोडायला सांगितले. तिने थोडे तेल सोडले. तेही चमकत पसरले. गुरुजींनी त्यातून काठी फिरवली. तेल दुभंगले आणि काठी पुढे जाताच मागे पुन्हा एक झाले. त्यांनी परत फिरवली. पुन्हा तेच. मागच्या रांगेतल्या बायका पुढे येऊन वाकून बघू लागल्या.

"म्हणजे खालचं ते तेल नव्हे?" शिष्याने हळू विचारले.

गुरुजी काठीवर रेलून उभे राहिले. त्यांचा आवाज ठाम होता.

"नव्हे. आपली माती तांबडी का आहे? तिच्यात लोखंड आहे म्हणून. पाणी खाली गेलं, स्थिर झालं, की ते लोखंड पाण्यात उतरतं. डोळ्यांना न दिसणारे जीव त्याच्यावर जगतात, जशी आपण भाकरीवर जगतो. ते लोखंड खातात आणि गंज मागे ठेवतात. त्या गंजाची ही साय आहे. धोतरांवरचे डाग तांबूस होते, ते तुम्ही रोज दगडावर घासत होतात. तेलाने कपड्याला कधी गंज चढला होता?"

पुढे उभ्या असलेल्या एकाने आपल्या धोतरावरचा डाग वाकून पाहिला.

"आणि समजा, तिचं तेल खरोखर सांडलं असतं. तेल खाऊन जगणारे जीवही पाण्यात असतात. ते पचवायला त्यांना कणभर लोखंड लागतं. ते नसेल तर पुढ्यात तेल असून ते उपाशी राहतात. इथे लोखंडाला तोटा नाही. त्यांनी ते तेल हळूहळू फस्त केलं असतं, आणि ते कोणाच्या घाण्याचं म्हणून विचारलंही नसतं. त्या जिवांना डोळे नाहीत. तुम्हाला आहेत. खाच बुजवल्यावरही तवंग राहिला, तेव्हा ती निर्दोष आहे हे पाणी रोज सकाळी सांगत होतं. तुम्ही त्याचाच तिच्यावर दुसरा आळ केलात. मला चीड याची नाही की तुम्हाला लोखंडाचे जीव ठाऊक नव्हते. ते मलाही भिंग लावूनच कळले. चीड याची आहे की आज इथे प्रत्येकाच्या हातात काठी आहे, आणि ती पाण्याला लावून बघावी असं एकालाही सुचलं नाही. घाणा मोडायला मात्र सुचली."

काठ्या सावकाश खाली गेल्या. काहींनी त्या पाठीमागे धरल्या. व्यापारी परातीकडे बघत राहिला. आपली काठी त्याने परत मागितली नाही.

विहिरीचे काय करायचे, असे एका बाईने विचारले. गुरुजी म्हणाले की विहीर उपसा, भिंतींवरचा तांबडा गाळ खरवडून काढा आणि पाणी वाळू-कोळशातून गाळून प्या. काम सोपे आहे, फक्त कोणाला तरी शिक्षा करण्याइतके चटकन होणारे नाही.

मग गावातला सर्वांत वयस्क माणूस पुढे झाला. तो समजूत घालण्याच्या सुरात येसूबाईला म्हणाला, "चुकलं गावाचं. झालं गेलं. तू मनात ठेवू नकोस, बाई."

येसूबाई आता पहिल्यांदा बोलली.

"मी मनात नाही ठेवलं, आजोबा. तुम्ही दगडात ठेवलंय. ते काढा."

सगळे काठाकडे पाहू लागले. दगडांच्या काळपट खाचांमध्ये तिची एकच पांढरी दिसत होती. वयस्क माणसाने गुरुजींकडे पाहिले. ते आता काहीतरी मऊ बोलतील आणि अवघडलेपण संपेल, अशी त्याला आशा असावी. गुरुजी त्या पांढऱ्या खाचेकडेच बघत राहिले.

शिष्य जवळच्या घरातून छिन्नी आणि हातोडी घेऊन आला. तो काठाशी गुडघ्यांवर बसला. चुना त्याने मन लावून मळला होता. त्यात गूळ घातला होता, बेलफळाचा गर घातला होता, पक्का व्हावा म्हणून. आता तो तितकाच पक्का झाला होता. प्रत्येक घावाला जरासा निघे. जोरात मारावे तर खालचा मऊ दगड फुटणार, आणि मग दोर सरकणार. त्यामुळे त्याला हळूच मारावे लागत होते. ऊन चढले. त्याच्या बोटांची सालटी निघाली. व्यापारी पुढे येऊन "मी करू का थोडं?" म्हणाला, तेव्हा शिष्याने छिन्नी न देता फक्त थोडे सरकून चुन्याचा भुगा काढायला जागा करून दिली.

गाव उन्हात उभे होते. येसूबाईआधी घागर सोडायला कोणाचा हात धजावला नाही.

खाच मोकळी झाल्यावर येसूबाईने तिच्यावरून अंगठा फिरवला. तिच्या सासूच्या आणि सासूच्या सासूच्या दोराने घासलेला तो गुळगुळीत तळ अजून शाबूत होता. तिने दोर त्यात बसवला आणि घागर सोडली. खाली तवंगाचे तुकडे बाजूला झाले.

भरलेली घागर काखेत घेऊन ती निघाली. शिष्याने मान वर केली नाही. आळ घ्यायला आपल्याला किती थोडा वेळ लागला होता, याचा विचार करत तो खाचेच्या कोपऱ्यात राहिलेला चुन्याचा शेवटचा कण नखाने काढत राहिला.