हत्तीचे पैंजण

संग्रहालयातल्या एका जुन्या चित्रात एक हत्ती राहत होता. चितारी मोठा कसबी. त्याने अंगावरची सुरकुती न् सुरकुती काढली होती आणि मागच्या पायातली लोखंडी साखळीही. चित्र पुरं झालं त्या दिवसापासून हत्ती तसाच जखडून उभा होता.

एकदा शाळेतली मुलं आली आणि चित्रासमोर फतकल मारून बसली. बाईंनी रंगीत खडू वाटले. "नीट बघा आणि आपापला हत्ती काढा," त्या म्हणाल्या.

शेजारच्या चित्रातला पोपट डोकावून बघू लागला. "अरेरे! एकाने तुला वांग्यासारखा केलाय. त्या दोन वेण्यांच्या पोरीने तर पार निळा!"

"आणि माझी सोंड एवढी आखूड आहे?" हत्ती चिडला. "एकालाही धड जमत नाही. पुसून टाका म्हणावं!"

दोन वेण्यांची जुई मात्र साखळीपाशी अडली होती. तिने पुन्हा पुन्हा चित्राकडे पाहिलं. मग पिवळा खडू उचलून निळ्या पायाभोवती गोल गोल ठिपके काढले.

"हे काय गं?" बाईंनी विचारलं.

"पैंजण. त्याच्या पायात आहेत ना, तेच. नाचायला चाललाय तो."

बाईंनी साखळीकडे पाहिलं आणि जुईच्या डोक्यावरून हात फिरवला.

मुलं गेली. दालन शांत झालं.

"केवढी चूक केली पोरीने!" पोपट म्हणाला. "कुणीतरी सांगायला हवं होतं तिला."

"गप रे जरा," हत्ती म्हणाला. त्याने मागचा पाय हळूच हलवून पाहिला. "ऐक बरं. वाजतंय का काही?"