हवेच्या नळीआडचा पत्रा

प्राध्यापक सोवनींची जुनी गाडी घाटात धापा टाकायची, कारण ती इंजिनाचीच गरम हवा ओढून घेई. म्हणून त्यांनी तेलाचा डबा कापला, पत्र्याला उष्णता अडवणाऱ्या ग्लासवूलचा थर लावला आणि तो इंजिन व हवेची नळी यांच्यामध्ये आड बसवला. जन्मभर उष्णता हाच विषय शिकवूनही मनात धाकधूक होतीच.

आरटीओच्या तपासणीला निरीक्षक मोहितेसाहेबांनी बॉनेट उघडलं आणि ते खो खो हसले. "मास्तर, असल्या थरानं कुठं उष्णता अडते? काढा ते, नाहीतर गाडी भंगारात!"

तेवढ्यात चहा आला. साहेबांनी रुमालाची चौपदरी घडी करून वाफाळता स्टीलचा पेला उचलला.

सोवनी चाचरत म्हणाले, "माझंच चुकत असेल, साहेब. काढतो. फक्त आधी तुम्ही तो रुमाल काढा."

साहेबांनी पेल्याभोवतीच्या रुमालाकडे पाहिलं. मग रुमाल तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हातानं गाडी पास केल्याची सही केली.