राजानं अर्धंच ऐकलेलं रडगाणं

एका राज्यात वर्षातले आठ महिने बर्फ आणि बाराही महिने गाणी असत. तिथली रीत अशी, की नवरीनं सासरी निघताना भरल्या पंगतीत बापाला गाऊन शिव्या द्यायच्या. जितकी माया अधिक, तितका शब्द तिखट. जी नवरी रडून गात नाही ती जन्मभर रडते, असं म्हातारे सांगत.

राजा ग्लेब परमुलखातून आलेला. त्यानं राज्य जिंकलं, पण रीत शिकला नाही. त्याची कन्या उस्तिन्या मात्र दाईच्या मांडीवर तिथलीच होऊन वाढली. लग्नाच्या पंगतीत ती उभी राहिली आणि गाऊ लागली, "दगडाच्या काळजाच्या बापा, एका भाकरीला तुला मी जड झाले. परक्या दारी मला लोटलंस."

राजा भरल्या ताटावरून उठला आणि लग्न तिथंच अडलं. "हे रडगाणं बंद करा."

शेजारी कोंद्रात नावाचा जादूगार बसला होता. गाण्यापुढे त्याचे मंत्र चालत नसत, म्हणून तो टपलेलाच होता. "आज्ञा व्हावी महाराज, सारी गाणीच कोंडतो."

राजानं होकाराची मान हलवली. कोंद्रातनं मांडीवर घेऊन तारा छेडायच्या त्या गुस्ल्या चौकात जाळल्या. सगळे सूर एका पेटीत भरून गोठलेल्या तळ्याच्या मध्यावर ठेवले आणि तीन कुलपं घातली.

त्या राज्यात वसंताला गाऊनच बोलवावं लागे. गाणी गेली, वसंत आला नाही. गोठ्यात गुरं मेली, पाळण्यात पोरं निळी पडली. राजा शेकोटीशी बसून होता. उस्तिन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण मायेनं गायलो, आणि शिक्षा तान्ह्या पोरांना?

तिनं वसंताच्या रिवाजाप्रमाणे पिठाचा चंडोल पक्षी भाजला. भट्टीतून निघताच त्यानं पंख झटकले आणि तो बोलला, "राजकन्ये, तांब्याच्या कुलपाला न जळलेली तार हवी. रुप्याच्या कुलपाला अंगाईचा ठेका हवा. लोखंडी कुलूप स्वतःच बोलेल."

उस्तिन्यानं चौकातली राख उघड्या हातांनी चाळली. बोटं सोलवटली, पण तार सापडली. तळ्यावर जाऊन तिनं त्या तारेनं तांब्याचं कुलूप उघडलं. मग ती दाईकडे गेली. दाईला अंगाई आठवेना, पण थोपटणारा हात काही विसरला नव्हता. त्या हातानं रुप्याचं कुलूप थोपटलं, तेही उघडलं.

लोखंडी कुलूप म्हणालं, "ज्याला शिव्या दिल्या, त्यानं शेवटपर्यंत ऐकावं."

उस्तिन्या दरबारात गेली. "महाराज, तळ्यावर चला."

"कशासाठी?"

"तुम्ही उठून गेलात, त्याच्या पुढचं ऐकायला."

"पुन्हा अपमान करणार?"

"प्रजा गारठून मरते आहे, आणि तुम्हाला तुमच्या मानाची पडली आहे."

राजा उठला आणि तिच्यामागून चालत तळ्यावर आला.

सूर कोंडलेले होते, शब्द तेवढे उरले होते. ते तिनं कोरडेच म्हटले. दगडाचं काळीज म्हटलं, जड भाकरी म्हटली, परकं दार म्हटलं. राजाच्या मुठी वळल्या, पण पाय हलला नाही. मग पुढचं आलं.

"दगडाच्या बापा, तुझ्या पायरीवरचा बर्फ आता कोण झाडेल? मी दिसेनाशी झाले की दारात उभा राहू नकोस. तुला थंडी सोसत नाही."

राजा बर्फात मटकन बसला. कुलूप गळून पडलं आणि उस्तिन्याच्या शेवटच्या शब्दाला सूर लागला. पेटीतून गाणी थव्यांनी उठली, बापलेक काठाला लागताच तळं तडकलं, पाणी वाहू लागलं. कोंद्रातचे मंत्र जिभेवरच विरले. लोकांनी त्याला अनवाणी सीमेपार हाकललं.

राजा म्हणाला, "हे शेवटी असतं, ते मला कुणी सांगितलं का नाही?"

"आम्ही गातच होतो," उस्तिन्या म्हणाली. "आणि जळालेल्या गुस्ल्या परत येत नाहीत. उद्यापासून करवत हाती घ्या."

राजानं करवत घेतली. पहिली गुस्ली वाकडी झाली, तरी तिच्याच सुरांवर उस्तिन्याचं राहिलेलं लग्न लागलं. जशी त्या राज्याची गाणी सुटली, तशी जिथं जिथं कोंडली असतील तिथली सुटोत, आणि कोंडणाऱ्यांना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावी लागोत.