वैद्यबुवांची मोटार आणि हळदीचे हात

आटपाट नगर म्हणावं इतकं काही मोठं नाही, अशा एका गावात एक वैद्य राहत. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची एक मोटार होती. बुवांच्या काढ्याने अख्खं गाव बरं व्हायचं, पण ही मोटार काही केल्या बरी होत नव्हती. आज पाणी गळे, उद्या ब्रेक रुसे. सुटे भाग बाजारात मिळत नसत, मग लोहार ते ठोकून द्यायचा आणि शिंपीकाका फाटकी गादी शिवायचे. चावीने तर ती बारा वर्षांत एकदाही सुरू झाली नव्हती. म्हणून बुवा तिला कायम देवळाजवळच्या उतारावर उभी करत. उतार पुरला नाही, की पारावरची चार माणसं उठून धक्का देत. मोटार खोकत खोकत सुरू झाली, की बुवांचा चेहरा असा खुलायचा की ढकलणाऱ्यांचाही शीण जायचा.

बुवांच्या मुलीचं, कुमुदचं, लग्न ठरलं. लहानपणापासून तिचं एकच मागणं होतं, "बाबा, सासरी जाईन तर आपल्या मोटारीतूनच." बुवांनी शब्द दिला आणि मोटारीला गर्द हिरवा रंग लावून घेतला. रंग असा चकाकला, की बुवा त्यात पाहून पगडी सारखी करू लागले. इथेच सगळं बिनसलं.

"लांब उभे राहा, बोटं उमटतात," असं ते येईल त्याला सांगू लागले. गादी शिवायला आलेल्या शिंपीकाकांनाही त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं. उतारावर धूळ उडते म्हणून लग्नाच्या दिवशी मोटार मांडवाच्या सावलीत, सपाट जागी उभी केली. रंगाबरोबर मोटारही नवी झाली, असंच त्यांना वाटत होतं.

पाठवणीची वेळ झाली. नवरानवरी मोटारीत बसली. बुवांनी चावी फिरवली. मोटारीला एक उचकी लागली आणि ती गप्प झाली. दुसऱ्या वेळी उचकीसुद्धा नाही.

व्याही हळूच म्हणाले, "आमची बैलगाडी आहे, बुवा. मनाला लावून घेऊ नका."

कुमुद उतरू लागली. तिचे डोळे भरले होते.

गावकरी हात मागे बांधून लांबच उभे होते. कुणाच्या हाताला हळद, कुणाच्या कुंकू, आचाऱ्याच्या हाताला बुंदीचं तूप. बुवांनी एकदा त्या हातांकडे पाहिलं, एकदा रंगाकडे. मग पगडी काढून ते शिंपीकाकांपुढे गेले.

"चुकलो, काका. रंगाच्या नादात माणसं लांब केली. धक्का द्याल का?"

"न द्यायला काय झालं? पण हात पुसायला फडकं नाही हो."

"पुसू नका. तसेच लावा."

कुमुद पुन्हा आत बसली. वीस जणांनी मोटारीला हात घातला आणि ती वेशीपर्यंत ढकलत नेली. तिथे ती खोकली, शिंकली आणि धडधडत निघाली. कुमुद रडता रडता हसली.

लेकीला पोचवून बुवा परत निघाले, तेव्हा मोटारीच्या पाठीवर पिवळे-तांबडे पंजे तसेच होते. वाटेत एका परगावच्या पाहुण्याने विचारलं, "एवढा सुंदर रंग, आणि त्यावर हे डाग?"

"डाग म्हणू नका," बुवा म्हणाले. "माझी मोटार त्यांच्यावरच चालते."

तात्पर्य इतकंच: जे चार हातांच्या जोरावर चालतं, त्याला हात लावू नका असं म्हणू नये.