माया सोडलेला कोट

"पण घालू काय, बुवा? तेवढं तरी सांगा!"

मकरंदनं हे तिसऱ्यांदा विचारलं. मठातले बुवा औदुंबराखाली डोळे किलकिले करून बसले होते. पायाशी प्रवरा, चैत्रातली दुपार. पैलतीरावरच्या शेवरीचा कापूस पाण्यावरून सावकाश येत होता. त्याला कुठं पोचायची घाई नव्हती.

"उद्या किती वाजता?"

"अकराला. शाळेत संस्कृतच्या शिक्षकाची जागा आहे."

"आणि नाही झालं तर?"

नाही झालं, तर वय उलटत होतं. पुढच्या महिन्यापासून त्याचा अर्जसुद्धा कुणी घेणार नव्हतं, आणि घरी आई लोकांच्या पोळ्या लाटत होती.

गडी हुशार, यात वाद नाही. आठ वर्षं मठात राहिला, उपनिषदं तोंडपाठ. पण ताठा केवढा! बाप शाळेत घंटा देणारा शिपाई. "मी घंटा दिली, तू वर्गात शिकव," एवढंच त्याचं मागणं. त्यावरून भांडण झालं आणि हा पठ्ठ्या उंबऱ्यावर उभा राहून "मी माया सोडली" असं गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून निघून आला. दोन वर्षांपूर्वी बाप गेला. तेव्हा याच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आणि त्याचीही याला थोडी ऐटच होती.

"पहिल्या मुलाखतीला काय घातलं होतंस?"

"हाच झब्बा, असाच चुरगळलेला. म्हटलं, कपडे बघणारे मला काय बघणार?"

"मग?"

"शिपाई आतच सोडेना."

बुवा खुदकन हसले. "आणि दुसऱ्या?"

"मित्राचा सूट. टायसुद्धा. म्हटलं, एक नूर आदमी, दस नूर कपडा."

"मग?"

"इस्त्री मोडेल म्हणून मी धड बसलोसुद्धा नाही. ते काय विचारत होते, आठवत नाही."

"म्हणजे पहिल्यांदा तू गेलास, कपडे घरी राहिले. दुसऱ्यांदा कपडे गेले, तू घरी..."

शेवरीचा कापूस येतच होता.

"मांडीखाली काय दाबून धरलंयस मघापासून?"

"काही नाही. पिशवी आहे."

"ताकाला जाऊन भांडं लपवतोस होय रे? काढ."

पिशवीतून कोट निघाला. मूळचा गडद तपकिरी, आता पिऊन उरलेल्या चहासारखा विटलेला. बापानं वर्षानुवर्षं उन्हात, शाळेच्या आवारात घातलेला.

"आईनं ट्रंकेतून काढला. हाच घाल म्हणाली. पण होत नाही, बुवा. पाठीत आवळतो, बटण लागत नाही. आणि बापाचा कोट घालायचा म्हणजे पुन्हा मायेतच पाय..."

बुवांनी कोट हातात घेतला. नाकाशी नेला आणि डोळे मिटले. कापसाचा एक पुंजका येऊन त्यांच्या भुवईवर बसला, तोही त्यांनी झटकला नाही.

बुवा पूर्वाश्रमीचे शिंपी. मठात आल्यापासून त्यांनी सुईला हात लावला नव्हता. लोकांना त्याचं मोठं कौतुक, आणि सगळ्यात जास्त मकरंदला.

"उलटा कर."

मकरंदनं कोट उलटा केला. पाठीला अस्तर नव्हतंच, गरिबाचा कोट तो. मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं.

"हे काय?" बुवांनी विचारलं.

"जास्तीचं कापड. पुढंमागं उसवून मोठं करता यावं म्हणून ठेवतात."

"शिंपी काय म्हणतात त्याला?"

शब्द मकरंदच्या जिभेवर आला आणि तिथंच थांबला...

"माया," तो म्हणाला. फार हळू.

"हा मीच शिवलाय. तू पाळण्यात होतास. तुझा बाप दुकानात आला, माप द्यायला हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, 'शिंपीबाबा, माझ्यापुरता शिवू नका. पोराचे खांदे माझ्याहून रुंद होतील. माया भरपूर सोडा.'"

नदी वाहत होती, पण मकरंदला तिचा आवाज येईना. त्याला फक्त एक माणूस दिसत होता, हात पसरून उभा असलेला, आपल्यापेक्षा तरुण. त्याच्या छातीभोवती टेप फिरत होती आणि तो उगीचच हसत होता.

बुवांनी बसकुराखालचा पत्र्याचा डबा ओढला. अर्धं ब्लेड काढून त्याच्या हातात दिलं.

"उसव."

एकेक टाका तुटू लागला. चौथ्या-पाचव्या टाक्याला मकरंदला रडू फुटलं. दोन वर्षांपूर्वी यायचं होतं, ते आज आलं. अगदी हुंदके देऊन रडला तो, आणि बुवांनी त्याला रडू दिलं.

"आता सुईत दोरा ओव. मला दिसत नाही."

"बुवा... तुम्ही तर सुई सोडलीत ना?"

"सोडली होती. आज धरतो. तुझं काय जातं?"

उन्हं कलेपर्यंत बुवा शिवत राहिले. मग मकरंदनं कोट अंगात घातला. पाठ सैल झाली, तसं छातीवरचं बटण आपसूक लागलं. त्यानं खांदे हलवून पाहिले. कुठंच आवळत नव्हतं.

हात मागं नेऊन त्यानं पाठ चाचपली, तर मधोमध कापड वेगळंच, जाड लागलं. कोट पुन्हा काढून बघितला. मानेपासून कमरेपर्यंत एक पट्टी उठून दिसत होती. इतकी वर्षं आत दडलेलं ते कापड, त्याला कधी ऊनच लागलं नव्हतं. नव्यासारखं गडद तपकिरी.

"बुवा, मी वळलो की ही पट्टी दिसणार. कुणीतरी विचारणारच."

"विचारू दे."

"काय सांगू?"

बुवांनी दातानं दोरा तोडला, सुई डब्यात ठेवली, झाकण लावलं...

"सांग, बापानं माया सोडली होती, म्हणून तर पोराला पुरली."