ताटाच्या मध्यभागी

एकदा एक व्यापारी पायाच्या अंगठ्यावरची जखम घेऊन एका वृद्ध वैद्यांच्या आश्रमात दाखल झाला. जखम लहान होती, पण ती भरत नव्हती. शहरातल्या शल्यविशारदांनी त्याला स्पष्ट सांगितले होते, की रक्तातली साखर आटोक्यात आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि त्यानंतर आणखी काय काढावे लागेल ते आज सांगता येणार नाही. पुढच्या तपासणीपर्यंत थांबायला ते तयार झाले होते. गोळ्या आणि मलमपट्टी त्यांचीच चालू राहायची होती. आश्रमाने फक्त ताट सांभाळायचे होते.

‘फक्त’ हा शब्द मी लिहिला खरा, पण तो इथे योग्य आहे असे मला खात्रीने म्हणता येत नाही. माणसाचे ताट सांभाळणे ही सोपी गोष्ट असती, तर पुढचे काही घडलेच नसते.

व्यापारी शेवयांचा होता. त्याची आई पाटावर शेवया वळून विकत असे. त्याने कारखाना काढला होता आणि गावोगावच्या दुकानांत त्याचा माल जात होता. सकाळी शेवयांचा उपमा, सणाला शेवयांची खीर, आजारपणातसुद्धा दुधातल्या शेवया, असा त्याच्या घरचा शिरस्ता. आणि वैद्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, की शेवया बंद.

तो कारल्याचा रस तोंड वाकडे न करता पिई. ठरल्या वेळी निजे, ठरल्या वेळी उठे. पण जेवायला बसला की समोरच्या चतकोर भाकरीकडे आणि वरणाकडे असा पाही, की जणू चुकून दुसऱ्याच्या ताटावर बसलो आहोत. दोन घास खाऊन उठे.

वैद्यांची एक तरुण शिष्या होती. आहारशास्त्राची पदवी घेऊन ती त्यांच्याकडे शिकायला आली होती आणि मनाने फार मऊ होती. व्यापाऱ्याचे उपाशी उठणे तिला बघवेना. आश्रमाच्या मळ्यात झुकिनी लावलेली होती, काकडीसारखी दिसणारी आणि दुधीच्या गोतातली विलायती भाजी. शहरात लोक एका लहानशा यंत्रात, पेन्सिलीला टोक करावे तशी, ती फिरवून लांबलचक तंतू काढतात आणि पास्त्याऐवजी ते खातात, हे तिने पाहिले होते. पास्त्याच्या जागी चालते, तर शेवयांच्या जागी का चालू नये?

एके सकाळी तिने तंतू काढले. मोहरी, कढीपत्ता आणि शेंगदाणे घालून फोडणी केली, वर लिंबू पिळले, आणि ताटाच्या अगदी मध्यभागी तो ढीग वाढून ती म्हणाली, “शेठजी, बघा तरी काय आहे! तुमच्या शेवयांचा उपमा!”

व्यापाऱ्याचा चेहरा उजळला. त्याने दोन तंतू उचलून बोटांत चोळले आणि खाली ठेवले.

“डॉक्टरीणबाई, हिला पाणी सुटलंय. शेवई पाणी पिते. सोडत नाही.”

“पण चव तर बघा! अगदी तशीच लागते.”

“तशी म्हणजे कशी? तुम्ही जन्मात कधी शेवई खाल्लीय, का नुसती पुस्तकात वाचलीय?”

पंक्तीतले लोक हसले. शिष्येचे कान लाल झाले. पण ती चिकाटीची होती. तिला वाटले, कसर फक्त हाताची राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तंतूंना मीठ लावून ठेवले, फडक्यात घट्ट पिळले, तापलेल्या कढईत तुपाच्या थेंबावर क्षणभरच परतले. आता ते सुटे दिसत होते, थोडे पिवळसरही दिसत होते. तिला स्वतःलाच ते पाहून आनंद झाला.

व्यापाऱ्याने घास घेतला, चावला, आणि त्याचे डोळे जरासे मिटले. मग त्याने एकदम ताट सरकवले.

“आवडलं नाही का?” शिष्येने घाबरून विचारले.

“काल मला लगेच कळलं होतं,” तो म्हणाला. “आज क्षणभर फसलो. गेलेल्या आईची हाक ऐकू यावी, आणि वळून बघावं तर शेजारीण, तसं झालं बघा मला. पुन्हा हे करू नका.”

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या रक्तातली साखर एकदम वाढलेली निघाली. शिष्येला त्याच्या उशीमागे स्टीलचा डबा सापडला. डब्याला खिरीचा वास होता. व्यापाऱ्याने लपवालपव केली नाही.

“हो, खाल्ली. काल बायकोकडून मागवली. आणि उद्या मी घरी चाललोय. अंगठा माझा आहे, काढायचा तर काढू देत.”

त्याची बायको दाराशीच उभी होती. “माझीच चूक झाली हो,” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “दोन दिवस उपाशी आहे म्हणाले. मला राहवलं नाही.”

शिष्या वैद्यांकडे गेली. “गुरुजी, मी अजून एकदा करून बघते. तंतू जरा उन्हात वाळवले, वर बदामाची पूड लावली, तर शेवयांच्या फार जवळ जाईल.”

“जवळ जाईल म्हणूनच नको,” वैद्य म्हणाले. “तू फक्त तंतू काढून दे. ते शेवयांसारखे दिसावेत म्हणून काहीही करू नकोस. आज ताट मी वाढतो.”

त्या दुपारी वैद्यांनी व्यापाऱ्याला बसवले आणि शेजारी त्याच्या बायकोलाही बसायला सांगितले. ताटात डावीकडे त्यांनी लिंबाची फोड आणि कोशिंबीर वाढली, तिच्याशेजारी चतकोर भाकरी ठेवली. उजवीकडे वरणाची वाटी आली. मग जिथे एरवी भाजी वाढतात तिथे, वाटीच्या वरच्या अंगाला, झुकिनीचे साधे हिरवे तंतू वाढले. ताटाचा मधला भाग रिकामा राहिला. वैद्यांनी देवघरातून आणलेल्या चिमूटभर अक्षता काढल्या आणि त्या रिकाम्या जागी, बरोबर मध्यभागी, ठेवल्या.

शिष्येला वाटले, म्हातारपणामुळे गुरुजींचे काहीतरी चुकले. व्यापारी ताटाकडे बघतच राहिला.

“वैद्यबुवा, हे काय? माझं लग्न लावताय का श्राद्ध घालताय?”

“अहो, जेवताना काय अभद्र बोलता!” बायको म्हणाली.

“बोलू द्या,” वैद्य शांतपणे म्हणाले. “फार चुकीचं बोलले नाहीत ते. वहिनी, तुमच्याकडे गणपती बसतो ना? पूजेत देवाला दागिने घालायची वेळ येते आणि घरात सोनं नसतं, तेव्हा काय करता?”

“अक्षता वाहतो.”

“काय म्हणून?”

“दागिन्यांच्या ऐवजी म्हणून. भटजी सांगतात तसं, अलंकारांसाठी या अक्षता.”

“म्हणजे देवाला सांगता ना, की सोनं नाही? का तांदूळच पुढे करून म्हणता, देवा, हे बघ सोनं, डोळे मिटून घे, अगदी तसंच लागतं?”

व्यापाऱ्याला हसू आले. “देवाला कोण फसवणार!”

“आपले पूर्वज पुष्कळ गोष्टींऐवजी अक्षता वाहत आले,” वैद्य म्हणाले. “वस्त्र नसेल तर अक्षता, आसन नसेल तर अक्षता. पण प्रत्येक वेळी जे नाही त्याचं नाव आधी मोठ्यानं घेतलं. नाही ते नाही म्हटलं, मग आहे ते पुढे ठेवलं. म्हणून गरिबाच्या पूजेतही खोटेपणा शिरला नाही. या मुलीनं तुमच्यावर माया केली, पण नाव घ्यायचं राहिलं. शेवया गेल्या हे कोणी म्हटलंच नाही, आणि त्यांच्या आसनावर दुसऱ्याला बसवून तिनं तुम्हाला सांगितलं, की या त्याच आहेत. तुम्हाला राग आला तो रास्त होता. शेठ, शेवया गेल्या. किती दिवसांसाठी, ते मला ठाऊक नाही. ती जागा रिकामी आहे आणि सध्या रिकामीच राहू द्या. ही झुकिनी परमुलखातली साधी भाजी आहे. तिला भाजीच्या जागी बसवली आहे. तिच्याकडून दुसरं काही मागू नका.”

व्यापारी त्या अक्षतांकडे पाहत होता. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

“वैद्यबुवा, खिरीचं मला एवढं नाही हो. नवा माल तयार झाला, की त्यातली मूठभर शेवई मी शिजवून खातो, आणि मगच गाडी भरायला सांगतो. आईनं घालून दिलेली पद्धत आहे. आईनंतर मीच. आता मी चाखायची नाही, तर कारखान्यात नुसता खुर्चीवर बसू? पोरं म्हणतील, बाबांना काय कळतं, त्यांना तर पथ्य आहे.”

शिष्येने मान खाली घातली. दोन दिवस ती त्याच्या जिभेची समजूत घालत होती.

बायकोने पदर सारखा केला. “मी चाखीन की,” ती म्हणाली. “तुम्ही समोर बसा. मी खाईन आणि सांगेन, तुम्ही काय ते ठरवा. चिकट लागली तर चिकट म्हणेन. लाज नाही धरायची तुमची.”

“तू?” व्यापारी म्हणाला. “तुला तर सगळंच छान लागतं!”

“तुमचं मन राखायला म्हणत होते तसं. सगळं छान नव्हतंच कधी.”

पंक्तीत पुन्हा हसू उमटले, आणि या वेळी व्यापारीही हसला. डोळे ओलेच होते. मग त्याने अक्षतांना धक्का न लावता हात उजवीकडे नेला, थोडे तंतू भाकरीच्या तुकड्यात धरले आणि खाल्ले. शिष्या पाहत होती.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“तेवढंच मिळेल,” वैद्य म्हणाले.

“आणि लसूण घालता येत नाही का हिच्यात? भाजीला लसूण नको?”

“उद्या घालते,” शिष्या घाईने म्हणाली. त्याने भाजीला नावे ठेवली होती, आणि त्यात शेवयांचे नावही नव्हते. त्या दिवशी त्याचे ताट स्वच्छ झाले. मध्यभागी राहिल्या त्या अक्षता त्याच्या बायकोने उचलून तुळशीत टाकल्या.

संध्याकाळी शिष्येने वैद्यांना विचारले, “गुरुजी, तंतू माझेच होते. मग माझं चुकलं कुठे?”

“तंतू उत्तम होते,” वैद्य म्हणाले. “तुझी दयाही खरी होती, पण तिला घाई झाली होती. समोरच्याचं दुःख आपल्याला बघवत नाही, म्हणून आपण ते चटकन झाकून टाकतो. झाकलं की आपल्याला बरं वाटतं. त्याचं दुःख तिथंच राहतं, आणि वर त्याला ते बोलायचीही चोरी होते.”

“आणि ते ताटावरून उठून गेले असते तर?”

“गेले असते तर गेले असते. मलाही खात्री नव्हती. पण खोटं वाढून त्यांना थांबवण्यात अर्थ नव्हता. तसं ते उद्या गेलेच असते.”

व्यापारी घरी गेला नाही. तपासणीच्या दिवसापर्यंत तो आश्रमात राहिला. ताटाचा मध्य रोज रिकामा ठेवण्याची पुढे गरज पडली नाही. काही दिवसांनी भाकरीच आपली हळूच तिथे सरकली आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही. शल्यविशारदांनी जखम पाहिली, दाबून पाहिली, कडेने कोरडी पडत आली आहे असे सांगितले, आणि अंगठा राहू दिला. हे झुकिनीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, मलमपट्टी होती, विश्रांती होती. यांतल्या कशाचे श्रेय किती, हे शिकलेल्या माणसाने छातीठोकपणे सांगू नये. एवढेच म्हणता येईल, की त्या ताटानंतर तो जेवू लागला, आणि उशीमागे पुन्हा डबा सापडला नाही.

निघताना त्याने शिष्येला हाक मारली.

“पोरी, तुझी ती भाजी बरी आहे. लसूण घातल्यापासून तर चांगलीच लागते. घरी मळ्यात लावणार आहे मी.” गाडीत बसता बसता तो थांबला. “मात्र शेवया म्हणून विकायला आणलीस ना, तर दारात उभी करणार नाही.”

“शेवया म्हणून आणणारच नाही, शेठजी,” ती म्हणाली.

त्याची बायको आधीच आत बसली होती. घरी नवा माल तयार होऊन पडला होता, आणि गाडी सुरू होण्याच्या आतच दोघांचा वाद जुंपला, की चाखायची शेवई दुधात शिजवायची की पाण्यात.

ज्याचे काही गेले आहे त्याच्यापुढे दुसरे काही ठेवण्याआधी, गेलेल्याचे नाव आपण एकदा घेतले का, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावे.