तीन वैद्यांची एक वही

फार फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका राज्यात तीन वैद्यांचा एक दवाखाना होता. रोग्याला ताटकळावं लागू नये म्हणून राजाने तो बांधला होता. जो वैद्य मोकळा असेल त्याच्यापुढे जाऊन बसायचं, एवढाच तिथला नियम.

तिघेही विद्येने मोठे होते आणि, मुलांनो, विद्येचा ताठाही तिघांना सारखाच होता. कोणाला काय दिलं हे प्रत्येक जण आपल्या डोक्यात ठेवी. लिहून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. औषधाचं नाव तर रोग्यालाही सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, अशी त्यांची रीत.

एकदा एका कुंभाराला कडक ताप भरला. बायकोने त्याला सकाळीच दवाखान्यात आणलं. थोरल्या वैद्याने नाडी पाहिली, बचनागाची मात्रा दिली आणि तो रानात मुळ्या आणायला निघून गेला. बचनाग म्हणजे विषच. मोजका दिला तर ताप उतरवतो, जास्त झाला तर जीव घेतो.

दुपारी ताप पुन्हा चढला. कुंभारीण नवऱ्याला घेऊन परत आली, तेव्हा धाकटा वैद्य मोकळा होता. सकाळी एकदा औषध झालंय, असं तिने सांगितलं. कोणतं, हे तिला कुठे ठाऊक? धाकट्याने मधल्याला विचारलं, पण त्यालाही माहीत नव्हतं. थोरल्याची वाट पाहायची, तर ताप थांबायला तयार नव्हता. धाकट्याने नाडी पाहिली आणि बचनागाचीच मात्रा दिली.

दिवस मावळायच्या आत कुंभार गेला.

राजाने सगळ्यांना बोलावलं. थोरला म्हणाला, माझी मात्रा बरोबर होती. धाकटाही तेच म्हणाला. दोघेही खरं बोलत होते, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

कुंभारीण हात जोडून म्हणाली, "महाराज, दोघांनीबी औषध बरोबरच दिलं. पण एकानं माझ्या माणसाला काय दिलं, ते दुसऱ्याला ठावं नव्हतं."

थोरल्याची मान खाली गेली.

त्यानंतर दवाखान्याच्या मधोमध एक मोठी वही आली. प्रत्येक रोग्याला खुणेचा लाकडी बिल्ला मिळू लागला. वैद्य कोणीही असो, त्या खुणेचं पान वाचल्याशिवाय नाडी धरायची नाही, आणि दिलेलं औषध रोगी उठायच्या आत लिहायचं.

पहिलं पान कुंभाराचं होतं. थोरल्याने लिहिलं, 'सकाळी बचनाग.' त्याखाली धाकट्याने लिहिलं, 'दुपारी बचनाग.'

तात्पर्य: अनेकांनी मिळून ज्याची काळजी घ्यायची, त्याची हकीकत सगळ्यांना वाचता येईल अशा एकाच ठिकाणी असावी.